मोरीचं पाणी

श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सोजराबाई भेंडी तोडायला परसात गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. सून राखी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं टोपलीकडं पाहिलं, सासूच्या तोंडाकडं पाहिलं, आणि पुन्हा भाकरी थापू लागली. सोजराबाई जरा वेळ पाटावर बसली. मग उठून पुन्हा परसात गेली.

भेंडीच्या शेंड्यांना काहीतरी झालं होतं. खालची पानं हाताच्या पंजासारखी रुंद होती, पण वर आलेली नवी पानं बोटासारखी चिंचोळी, कडांनी चिरल्यासारखी. वांग्याच्या कोवळ्या फांद्या पिळलेल्या फडक्यागत वळल्या होत्या. वालाच्या वेलाचा शेंडा मांडव सोडून उलटा जमिनीकडं वाकला होता. टोमॅटोचे देठ सुजल्यासारखे जाड झाले होते.

सोजराबाईनं एकेक पान उलटं करून पाहिलं. चाळीस वर्षं तिनं हेच केलं होतं. मावा असला की पानाखाली चिकट लागतं आणि मुंग्या चढतात. तुडतुडे असले की पानाची कड पिवळी पडते. नागअळी पानात पांढऱ्या रेघा ओढते. शेंडा पोखरणारी अळी भोक ठेवून जाते. इथं भोक नव्हतं, रेघ नव्हती, चिकट नव्हतं. किडीनं खाल्लं असतं तर कुठंतरी तिची विष्ठा दिसली असती. तिनं मातीत बोट घातलं, एक वांग्याचं झाड मुळासकट उपटलं. मुळं पांढरी, धडधाकट होती.

मग तिनं मान वर करून भिंतीकडं पाहिलं.

भिंतीपलीकडं शालूबाई राहत होती. ती सोजराबाईची चुलत जाऊ. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी अर्पिता लग्न होऊन मेहकरला. घरात एकटी. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम तिच्याकडं होतं. तिच्या न्हाणीचं पाणी भिंतीतल्या भोकातून सोजराबाईच्या परसात यायचं. भोक दोघींच्या सासऱ्यांनी पाडलेलं. त्या पाण्यावर भिंतीलगतचं अळू, पुदिना आणि गवती चहा पोसला होता, आणि पुढं वाफ्यावाफ्यातून ते पाणी सगळ्या वाडीत फिरायचं.

वाडी म्हणजे जेमतेम दीड गुंठा. सोजराबाई या घरात आली तेव्हा तिथं उकिरडा होता. शेतातून येताना रोज एक घमेलं माती डोक्यावर आणून तिनं तो भरून काढला. इंद्रभान, तिचा नवरा, तीन एकरांत सोयाबीन आणि मका करायचा. मुलगा हरिओम मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, पंधरा दिवसांनी यायचा. शेताचं जे व्हायचं ते होवो, पण ताटात विकतची भाजी कधी आली नव्हती, याचा तिला मान होता. त्याहून मोठा मान दुसऱ्या गोष्टीचा होता. तिच्या वाडीत औषधाचा थेंब पडत नसे. जेठात निंबोळ्या वेचायच्या, वाळवायच्या, कुटून रात्रभर फडक्यात भिजत ठेवायच्या आणि तो अर्क साबणाच्या पाण्यात मिसळून फवारायचा. अळीला राख, तीही पानावर दव असताना. वाफ्याच्या कडेनं झेंडू. बचत गटाच्या बाया दोनदा येऊन फोटो काढून गेल्या होत्या. शाळेच्या खिचडीत पडायला दोडका आणि कोथिंबीर तिच्याच वाडीतून जायची. राखी नेऊन द्यायची, कारण सोजराबाई आणि शालूबाई गेल्या पावसाळ्यापासून बोलत नव्हत्या.

ते शेवग्यावरून झालं होतं. शालूबाईच्या अंगणात भिंतीला लागून शेवग्याचं झाड होतं. पाऊस लागला की त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थर बसायचे, घोंगडी गुंडाळल्यासारखे. मागच्या वर्षी ते भिंत ओलांडून सोजराबाईच्या दोडक्यावर उतरले. तिच्या मानेला आणि दंडाला लागले, आठ दिवस अंगभर गांधी उठून राहिल्या. शालूबाई शाळेत गेली असताना सोजराबाईनं इंद्रभानला भिंतीवर चढवलं. त्यानं काठीला चिंधी बांधली, रॉकेल ओतलं आणि खोड भाजून काढलं. सुरवंट पटापटा खाली पडले. पण साल जळाली आणि झाडाची अर्धी बाजू वाळून गेली. शालूबाई घरी आली, झाडाखाली उभी राहिली आणि नुसतं म्हणाली, "मले सांगतलं असतं तर मी झाडून घेतले असते." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं.

आता पानं वळलेली पाहिल्यावर तिला ते वाक्य आठवलं. वर्षभर बाई गप्प राहिली. एवढी गप्प काऊन राहिली?

दुपारी इंद्रभान शेतातून आला तेव्हा तिनं त्याला परसात नेलं. त्यानं एक पान तोडलं, चुरगळलं, फेकलं. कोकडा रोग असेल म्हणाला. तिनं सांगितलं की कोकडा मिरचीवर येतो, आणि एका दिवशी भेंडीवर, वांग्यावर, वालावर, टोमॅटोवर मिळून येत नाही. तो म्हणाला मग हवा असेल. जेवून तो आडवा झाला.

त्या दिवसापासून सोजराबाई पाळत ठेवू लागली. शालूबाई न्हाणीत गेली की ती भोकापाशी बसे. येणारं पाणी ओंजळीत घेऊन हुंगे. साबणाचा वास यायचा. एकदा फिनाइलसारखा वास आला असं तिला वाटलं. तिनं राखीला बोलावून हुंगायला लावलं. राखी म्हणाली साबण आहे. सोजराबाईला सुनेचं ते पटकन सांगणं खटकलं. राखी रोज शाळेत भाजी द्यायला जायची, परत यायला तिला अर्धा तास लागायचा. एवढा वेळ कशाला लागतो, काय बोलत असतील दोघी, हे तिनं आजवर मनात आणलं नव्हतं. आता ती राखी निघाली की उन्हाची तिरीप पाहून ठेवू लागली.

शुक्रवारी तिनं जे पाहिलं त्यानं तिची खात्रीच झाली. दोडका काढायला ती मांडवावर शिडी लावून चढली होती. तिथून पलीकडचं अंगण दिसायचं. शालूबाई हातात बालटी घेऊन भिंतीपाशी वाकलेली होती. बालटीत पांढरं, दाट काहीतरी होतं. ती फडक्यानं ते ढवळत होती आणि भिंतीच्या बुडाशी काहीतरी करत होती. शिडी करकरली तशी तिनं वर पाहिलं. दोघींची नजर भेटली. शालूबाईनं बालटी उचलली आणि आत गेली.

सोजराबाई दोडका तसाच सोडून खाली उतरली. तिनं इंद्रभानला सांगितलं. तो म्हणाला, "चुना असन." चुना कशाला बालटीभर, असं तिनं विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ओसरीच्या दुरुस्तीतून उरलेलं सिमेंट भिजवलं, दोन विटांचे तुकडे घेतले आणि मोरीचं भोक आपल्या बाजूनं बुजवून टाकलं. हातानंच लिंपलं. बोटांची कातडी सोलवटली तरी थांबली नाही.

रविवारी सकाळी शालूबाई गल्लीला वळसा घालून तिच्या दारात आली. लुगडं पोटरीपर्यंत ओलं होतं. समोर हातपंपावर आशाबाई पाणी भरत होती, आणखी दोघी रांगेत होत्या.

"बाई, माही न्हाणी तुंबली," शालूबाई म्हणाली. "तुमच्या अंगानं भोकात काही अडकलं का, पाहा बरं."

"अडकलं नाई. मी बुजवलं."

"काऊन?"

सोजराबाईनं मनात पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "तुह्या पान्यानं माही वाडी मेली."

"पान्यात काय राह्यते बाई. साबन राह्यते. किती सालापासून येऊन राह्यलं ते."

"साबन नाई. औषध टाकलं तू. शेवग्याचा दावा काढला."

हातपंपाचा आवाज थांबला होता. शालूबाई उंबऱ्याच्या बाहेर उभी होती, तिच्या पायाखाली ओल पसरत होती. तिनं सांगितलं की बालटीत चुना होता, शेवग्याच्या भाजलेल्या खोडाला ती दर दोन महिन्यांनी चुना लावते, म्हणजे त्यात कीड शिरत नाही. सोजराबाई म्हणाली की मग मला पाहून आत काऊन गेली. शालूबाईनं लुगड्याचा ओला काठ पिळला.

"तुमच्याशी बोलनं नाई म्हनून गेलो," ती म्हणाली, आणि वळून चालू लागली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीच्या टोकाला गेली, आणि जाता जाता वाढत गेली. शालूबाईनं पाण्यात औषध सोडलं. शालूबाईच्या घरात औषध आहे. शालूबाई औषध हाताळते आणि त्याच हातानं पोरांचं रांधते. सोमवारी सकाळी उकंडराव आले. ते शाळेच्या समितीचे अध्यक्ष, नात तिसरीत शिकणारी. त्यांनी परसात जाऊन सगळी झाडं पाहिली, काठीनं वेल उचलून पाहिला. ते मोजकं बोलायचे.

"तुम्ही सोता पाह्यलं का टाकतानी?"

सोजराबाईला तिथं थांबता आलं असतं. टाकताना तिनं पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मी बालटी पाह्यली. पांढरं होतं त्यात."

हे खरंच होतं, असं ती नंतर कितीतरी वेळा स्वतःला म्हणाली.

उकंडरावांनी मान हलवली आणि ते गेले. बुधवारी शालूबाई नेहमीप्रमाणे नऊ वाजता शाळेत पोचली तेव्हा चुलीपुढं सारिका बसलेली होती, गावातलीच एक तरणी बाई. मास्तर नारायणरावांनी खाली पाहत सांगितलं की समितीचा निर्णय आहे, खरं-खोटं होईपर्यंत तुम्ही घरी थांबा. शाळेतला लांब दांड्याचा लाकडी चाटू शालूबाईचा स्वतःचा होता. तो घेऊन ती परत आली. भर सकाळी, सगळी गल्ली दारात असताना, तो हातभर लांबीचा काळपटलेला चाटू खांद्याशी धरून ती चालत आली. सोजराबाई ओसरीवर शेंगा निवडत होती. तिनं मान खाली घातली आणि निवडलेल्याच शेंगा पुन्हा निवडल्या.

त्यानंतर भिंतीपलीकडून रोज सकाळी एकच आवाज येऊ लागला. तुंबलेलं पाणी डब्यानं बालटीत भरल्याचा, मग बालटीच्या कडीचा, मग गल्लीपर्यंत जाणाऱ्या पावलांचा. सोजराबाई त्या खेपा मोजायची. पाच व्हायच्या, कधी सहा. कोणी शालूबाईशी बोलत नव्हतं हेही कळत होतं. आशाबाईनं तिच्याकडं विरजण मागायला जाणं सोडलं. पोरं तिच्या दारापुढून पळत जायची.

सोजराबाईला वाटलं होतं की आता आपल्याला बरं वाटेल. पण तिची नजर एकदा जी शोधायला लागली होती, ती थांबेना. भोक बुजवून आठवडा झाला तरी झाडं सुधारली नव्हती. म्हणजे अजून कुठून तरी येत असलं पाहिजे. मग घरातून कोणी? राखी जेवेनाशी झाली होती. अर्धी भाकरी खाऊन उठायची. शाळेत आता ती भाजी द्यायला जात नव्हती, तरी दिवसातून दोनतीनदा ती गुरांच्या गोठ्यामागं जायची, जिथं जायचं काही कारण नव्हतं. सोजराबाईनं दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी राखी धुणं घेऊन विहिरीवर गेली, तशी ती गोठ्यामागं गेली.

कडब्याच्या पेंढ्यांआड तेलाचे दोन पत्र्याचे डबे कापून ठेवले होते. दोन्हींत टोमॅटोचं एकेक रोप होतं, एकाच उंचीचं, एकाच वेळी लावलेलं. एक सरळ, हिरवं. दुसऱ्याची पानं वळलेली, देठ जाड, शेंडा जमिनीकडं वाकलेला. अगदी वाडीतल्यासारखा.

सोजराबाई तिथंच बसली. राखी धुणं वाळत घालून आली तेव्हाही ती तिथंच होती.

"तू बी तिलेच सामील?" तिनं विचारलं.

राखीच्या हातातली रिकामी बालटी खाली टेकली. ती रडेल असं सोजराबाईला वाटलं, पण ती रडली नाही. पेंढ्यांना पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, शालूकाकूनं काई नाई केलं. आपल्या पंपानं केलं."

मग तिनं सगळं सांगितलं. श्रावण लागला त्या आठवड्यात मामाजींनी, म्हणजे इंद्रभाननं, शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गाजरगवत मारायला तणनाशक फवारलं होतं. घरी येऊन पंप ओसरीवर ठेवला आणि राखीला धुवायला सांगितला. त्या दिवशी हरिओम येणार होता. तिला सैपाकाची घाई होती. तिनं एकदा पाणी फिरवलं आणि पंप उलटा करून ठेवला. दुसऱ्या सकाळी सोजराबाईनं त्याच पंपात निंबोळीचा अर्क भरला आणि मावा पडला म्हणून सगळ्या वाडीवर फवारला.

"मले आधी नाई समजलं," राखी म्हणाली. "मग एक दिवस ध्यानात आलं, मोरीजवळचा पुदिना चांगला हाय, अळू चांगलं हाय. काकूचं पानी तर पयले तिथंच येते. औषध पान्यात असतं तर तेच पयले गेलं असतं ना. तिथं तुम्ही फवारलं नोतं."

सोजराबाईला आठवलं. अर्क भिंतीपाशी येईपर्यंत संपला होता. पुदिन्याला मावा नसतो म्हणून तिनं पंप खाली ठेवला होता.

वाडीच्या कडेला लावलेल्या मक्यावर अर्क पडला होता, तरी त्याला काही झालं नव्हतं, तेही राखीनं दाखवलं. ते औषध रुंद पानाचं झाड मारतं, मक्यासारख्या खऱ्या गवताच्या जातीला सोडतं, हे तिला माहेरी मेहकरकडच्या शेतात पाहून ठाऊक होतं. तरी खात्री व्हावी म्हणून तिनं ही दोन रोपं लावली. गेल्या आठवड्यात मामाजींनी पुन्हा धुरा मारला, तेव्हा तिनं पंप दोनदा धुतला, मग त्यात साधं विहिरीचं पाणी भरून एका रोपावर मारलं. दुसऱ्याला तांब्यानं घातलं. चार दिवसांत पहिलं वळलं.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"पंप मी धुतला होता," राखी म्हणाली. "शालूकाकूले कामावरून काढलं, त्याच्यानंतर तर तोंडच उघडेना माहं."

सोजराबाई उठली. परसात जाऊन वाफ्यांच्या मधे उभी राहिली. तिला राग यायला हवा होता, तो सुनेचा की नवऱ्याचा की स्वतःचा, हे तिला ठरवता येत नव्हतं. आणि ते ठरवत असतानाच दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली. फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं चार दोडके आणि कोथिंबिरीची मोठी जुडी काढून शाळेत पाठवली होती. निंबोळीच तर आहे, धुतलं की झालं, असं म्हणून. पोरांच्या ताटात औषध गेलं असेल तर ते शालूबाईच्या हातून गेलं नव्हतं. ते तिच्या टोपलीतून गेलं होतं.

तिनं घरात येऊन राखीला विचारलं की त्या दिवसांत शाळेतलं कोणी आजारी पडलं होतं का. राखी म्हणाली नाही, पंपाचं ध्यानात आलं तेव्हाच तिनं चौकशी केली होती. सोजराबाईनं तरी तिला शपथ घ्यायला लावली.

संध्याकाळी इंद्रभानला दोघींनी मिळून सांगितलं. तो बराच वेळ पंपाच्या नळीकडं पाहत राहिला. मग म्हणाला की झालं ते झालं, पोरांना काही झालं नाही ना, मग आता उकरून काढायचं कशाला. वाडी पुन्हा लावता येईल. लोक महिन्याभरात विसरतील. सोजराबाईनं विचारलं की शालूचं काय. तो म्हणाला तिला आपण दाणे देऊ, लागेल ते देऊ. मग आवाज खाली करून म्हणाला की अगदी सांगायचंच असेल तर पंप सुनेनं धुतला होता एवढं सांगून मोकळी हो, पोर आहे, लोक समजून घेतील.

राखी पलीकडच्या खोलीत होती. भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

सोजराबाई उठली. कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलली आणि परसात गेली. सिमेंट चांगलं धरलं होतं. दहाबारा घाव घातल्यावर पहिला तुकडा निघाला. आतलं साचलेलं पाणी वास मारत तिच्या पायांवरून वाहिलं. भोकाच्या पलीकडं शालूबाईचे पाय दिसले, येऊन उभे राहिलेले. सोजराबाई वाकलेलीच राहिली.

"शालू," ती भोकाकडं तोंड करून म्हणाली, "माह्याच पंपात होतं. गवताचं औषध. तुह्यावर मी खोटा आळ घेतला."

पाय तसेच होते.

"उद्या शाळेत येतो मी. सांगतो."

"सांगा," शालूबाई म्हणाली, आणि पाय गेले.

सकाळी सोजराबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं, दोन्ही डबे टोपलीत घेतले आणि शाळेत गेली. नारायणराव मास्तरांनी उकंडरावांना बोलावून घेतलं, समितीचे आणखी दोघं आले. व्हरांड्यात सतरंजी टाकली होती, पण ती उभीच राहिली. तिनं डबे पुढं ठेवले आणि जसं घडलं तसं सांगितलं. राखीचं नाव घेतलं नाही. पंप मी धुवायचा होता, मी धुतला नाही, असं म्हणाली. मग दोडक्यांचं आणि कोथिंबिरीचं सांगितलं. तेव्हा समितीतला एक माणूस उठून उभा राहिला. पोरांच्या पोटात औषध घातलं, असं तो म्हणाला. सोजराबाई म्हणाली की हो, घातलं असेल. नारायणरावांनी हजेरीचं पुस्तक काढलं आणि त्या आठवड्यात कोणी गैरहजर नव्हतं हे वाचून दाखवलं. त्या माणसाचं समाधान झालं नाही. वर्गांच्या दारांतून पोरं पाहत होती.

उकंडराव दोन्ही रोपं निरखत होते. त्यांनी वळलेलं पान बोटावर घेतलं.

"हे आज काऊन सांगून राह्यल्या तुम्ही?" त्यांनी विचारलं. "शालूबाईनं काई दिलं का तुमाले? का तिच्या पोरीनं येऊन धमकी देली?"

सोजराबाईला आधी प्रश्नच समजला नाही. तिनं घरच्यांची नावं घेऊन शपथ घेतली, अर्पिता गेल्या दिवाळीनंतर गावात आलेलीच नाही हे सांगितलं. उकंडराव ऐकत होते, त्यांचा चेहरा तसाच होता. त्या दिवशी तिनं बालटी पाहिली असं सांगितलं तेव्हा त्यांनी एका मिनिटात मानलं होतं. आज ती स्वतःवर घेत होती तर मानत नव्हते. इतक्या दिवसांत गल्लीत जे पसरलं होतं ते तिच्या दोन डब्यांनी परत गोळा होणार नव्हतं, हे तिला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. सारिका चुलीपाशी हात थांबवून बसली होती.

शेवटी नारायणराव मध्ये पडले. ते म्हणाले की बाईनं स्वतः येऊन कबूल केलं, आता शालूबाईंना बाहेर ठेवायला कागदावर काही कारण उरत नाही. समितीनं आपसात कुजबुज केली. मग उकंडरावांनी अट सांगितली. सोजराबाईच्या वाडीची भाजी यापुढं शाळेत येणार नाही. शालूबाई सोमवारपासून येऊ शकते. पण तिच्या हातचं पोरांना वाढायच्या आधी रोज पहिलं ताट सोजराबाईनं इथं बसून खायचं, सगळ्यांसमोर, दिवाळीच्या सुटीपर्यंत. ती खाईल तरच पोरं खातील.

"एवढा भरोसा हाय तुमाले तिच्यावर, तर खा," ते म्हणाले.

सोजराबाईनं मान हलवली.

रविवारी तिनं राखीला बरोबर घेऊन सगळी वाडी उपटली. भेंडी, वांगी, वाल, सगळं. ते गुरांना घालता येणार नव्हतं, म्हणून गावाबाहेर नेऊन खड्ड्यात पुरलं. माती उलटीपालटी करून उघडी ठेवली. राखीनं विचारलं की परत कधी लावायचं. सोजराबाई म्हणाली पाहू. इंद्रभान नव्या पंपाचं बोलला, तेही तिनं ऐकून घेतलं. सुनेला ती एवढंच म्हणाली की यापुढं मनात काही आलं तर पहिल्या दिवशी सांगत जा, मग मी चिडो की काही करो. राखी ओंजळीतला चिखल चोळत "हाव" म्हणाली.

सोमवारी अकरा वाजता ती शाळेत पोचली. पटांगणात पोरं रांगेनं बसली होती, पुढं रिकामी ताटं. उकंडराव खुर्चीवर होते. आशाबाई आणि आणखी चारपाच बाया कुंपणाशी उभ्या होत्या, आपापल्या पोरांवर नजर ठेवून. व्हरांड्याच्या कडेला एक पाट मांडला होता, एकच. सोजराबाई त्यावर बसली. मांडी घालताना गुडघा वाजला, तो तिला सगळ्या पटांगणात ऐकू गेल्यासारखा वाटला.

शालूबाई पातेलं घेऊन आली. तिनं सोजराबाईकडं पाहिलं नाही. चाटूनं खिचडी ताटात वाढली, वर कोणाच्या तरी घरून आलेल्या भोपळ्याची भाजी घातली, आणि तिथंच उभी राहिली. वाफ सोजराबाईच्या तोंडावर येत होती. हळदीचा, जिऱ्याचा वास होता. तिनं घास कालवला, उचलला, आणि हात ओठांपाशी थांबला.

तिला थांबायचं नव्हतं. पण पंधरा दिवस जी सवय लागली होती ती हातात होती. तिनं घास जरासा हुंगला. मोरीचं पाणी हुंगायची तसाच. मनात आलं की हिच्यावर मी एवढा आळ घेतला, हिची भाकरी हिसकावली, हिचं झाड जाळलं, आणि आज हिच्या हातचं पहिलं ताट मलाच आहे.

तिनं वर पाहिलं. शालूबाई तिच्याकडंच पाहत होती, आणि तिला कळलं होतं. घासाकडून तिची नजर सोजराबाईच्या नाकाकडं गेली, तिथून डोळ्यांकडं. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती थकलेली दिसत होती, इतकंच.

"मी खाऊ का आधी?" तिनं हळू विचारलं. कुंपणापर्यंत जाणार नाही एवढ्याच आवाजात.

सोजराबाईनं घास तोंडात घातला. खिचडी पोळत होती. तिनं फुंकर घातली नाही, चावत राहिली, गिळली, आणि दुसरा घास घेतला. पोरं तिच्या जबड्याकडं पाहत होती. तिसरा घास गेल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पोळल्यामुळं. ते पुसायला हात उष्टा होता, म्हणून तिनं ते तसंच राहू दिलं.

"मीठ?" शालूबाईनं विचारलं.

"बरोबर हाय," सोजराबाई म्हणाली.

शालूबाईनं पातेलं उचललं आणि पोरांच्या रांगेकडं गेली. पहिल्या पोरीनं ताट पुढं करण्याआधी मागं वळून सोजराबाईकडं पाहिलं, ती अजून बसलेली आहे का ते. सोजराबाई बसलेली होती. ताट संपेपर्यंत ती उठली नाही.